म्हातारी होत चाललेली मुंबई : गिरगाव ते लालबाग

पत्रिकेत आजचा विषय छापलाय तो असा, 'वृद्ध लोकसंख्या : फायदे आणि तोटे'. वाचून आपल्यातल्या बऱ्याच जणांना शाळेतला निबंध आठवला असेल. पानाच्या मधोमध रेघ मारायची, एका बाजूला फायदे, दुसऱ्या बाजूला तोटे. मला आज ती रेघ मारायची नाही, कारण या विषयात फायदा एकाचा असतो आणि तोटा भलत्याचाच. आजी घरी आहे म्हणून सून नोकरीला जाऊ शकते, हा फायदा. पण तो सुनेचा, मुलाचा, बँकेचा, की आजीचा? तेव्हा प्रत्येक मुद्द्याला मी विचारणार आहे, 'कुणाचा?' तुम्हीही विचारा.

आणि दुसरं, मी जपानपासून सुरुवात करणार नाही. या विषयावर बोलणारे बहुतेक जण करतात. आपण गिरगाव, दादर, परळ, लालबाग एवढ्याच पट्ट्यात फिरू, लागलं तर जपानला जाऊन येऊ.

आधी शब्द नीट समजून घेऊ. लोकसंख्या वृद्ध होते म्हणजे नुसते म्हातारे वाढतात असं नाही. शंभर माणसांत साठीच्या पुढचे किती, हे प्रमाण वाढतं. आणि प्रमाण वाढायला म्हातारे वाढावेच लागतात असं नाही, मुलं कमी झाली तरी ते वाढतं. खरं तर जगभर मुख्य कारण तेच आहे. आपल्याला वाटतं, माणसं जास्त जगायला लागली म्हणून समाज म्हातारा झाला. जगायला लागली हे खरंच आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात जन्मलेल्या मुलाचं सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतं, आज ते सत्तरच्या घरात आहे. पण त्यातली सुरुवातीची मोठी वाढ बालमृत्यू कमी झाल्यामुळे झाली, म्हणजे वाचली ती लहान मुलं, आणि समाज उलट तरुण झाला. म्हातारा झाला तो पाळणे कमी हलायला लागल्यावर. महाराष्ट्रात आज एका बाईला सरासरी १.७ मुलं होतात, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीतला हा आकडा. आई-बाप दोघांची जागा भरायला २.१ लागतात. म्हणजे आपण भरपाईच्या खाली येऊन बराच काळ झाला.

२०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढचे साधारण १०.४ कोटी होते, शंभरात ८.६. महाराष्ट्रात जवळजवळ १०. त्यानंतरची २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून पुढचे आकडे अंदाजाचे आहेत. आपल्या देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीबरोबर २०२३ मध्ये जो अहवाल काढला, त्यात २०२२ साठी १०.५ टक्के आणि २०५० साठी २०.८ टक्के धरलेत. पाचातला एक. आज कॉलेजात असलेली पोरं तेव्हा पन्नाशीच्या आसपास असतील.

हे झालं देशाचं. एखाद्या वस्तीचं गणित मात्र वेगळं असतं, कारण वस्तीतून माणसं उठून जाऊ शकतात. आता हा आकडा जरा लक्षात ठेवा. मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचं जुनं बेट. २००१ साली लोकसंख्या ३३ लाख ३८ हजार. २०११ साली ३० लाख ८५ हजार. अडीच लाख माणसं कमी! ज्या शहराबद्दल आपण 'गर्दी, गर्दी' म्हणून ओरडतो, त्याच्या मूळ बेटावरची माणसं कमी होतायत. गेली कोण? अर्थात तरुण. लग्न ठरलं, दहा बाय बाराच्या खोलीत आई-वडील, धाकटा भाऊ, आता बायको, मग डोंबिवली, बदलापूर, विरार, जरा बरी नोकरी असेल तर ठाणे. मागे कोण राहिलं? ज्यांच्या नावावर भाड्याची पावती आहे ते.

ही पावती म्हणजे काय ते डोंबिवलीत वाढलेल्या श्रोत्यांसाठी सांगतो. १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला आणि भाडी गोठली. १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली, पण मूळ रकमाच इतक्या लहान, की चार टक्के म्हणजे चहाचे पैसे. त्यामुळे गिरगावात आजही काहीशे रुपये भाड्यात राहणारी माणसं आहेत. घरमालक म्हणतो, या भाड्यात मी दुरुस्ती करणार कशी? त्याचंही खोटं नाही. म्हणून १९६९ साली सरकारने उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढलं. तेव्हा अशा उपकरप्राप्त इमारती होत्या १९,६४२. लाकडी जिना, लाकडी तुळया, गॅलरीच्या टोकाला संडास. लिफ्टचा प्रश्नच नाही, कारण बांधल्या तेव्हा वर राहणारा गडी पंचविशीचा होता.

आणि तो म्हातारा झाला की इथे राहणारही नव्हता. आता मी एक गोष्ट सांगतो, जी या विषयावरच्या पुस्तकांत फारशी येत नाही. मुंबईने जवळजवळ शंभर वर्षं आपलं म्हातारपण बाहेर पाठवलं. गिरणगावात माणूस यायचा तो रत्नागिरीतून, साताऱ्यातून, कोल्हापुराकडून. एकटा यायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मुंबईत हजार पुरुषांमागे सहाशे बायकाही नव्हत्या, यावरून कल्पना करा. गावकीच्या खोलीत पथारी, खानावळीत जेवण, महिन्याला मनिऑर्डर. पंचवीस-तीस वर्षं साच्यावर काढली, छाती भरायला लागली, की गिरणीतली जागा मुलाला चिकटवायची आणि आपण गावाला. म्हणजे गिरणीने तरुणपण वापरलं आणि खोकला गावाने सांभाळला. गावच्या बाईने सांभाळला, असं म्हणा. मुंबईचं त्या काळातलं तरुण, धावतं रूप आपण फार कौतुकाने सांगतो, पण त्याचं अर्धं रहस्य हे होतं, की म्हातारे आकड्यांतच यायचे नाहीत.

मग हे थांबलं का? एक म्हणजे हळूहळू बायका आल्या, संसार इथे झाले, मुलांच्या शाळा इथे झाल्या. गावच्या घराचे वाटे पडले. आणि मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांचा संप, सुमारे अडीच लाख कामगार. संपाबद्दल इथे बसलेल्यांना मी काय सांगणार? पण म्हातारपणाच्या अंगाने एक गोष्ट बघा. आज प्रॉव्हिडंट फंडाबरोबर जी पेन्शन मिळते, ती ईपीएस योजना सुरू झाली नोव्हेंबर १९९५ मध्ये. संपात जे गडी कायमचे बाहेर फेकले गेले, ते त्या योजनेच्या बारा-तेरा वर्षं आधीच कामगार राहिले नव्हते. फंडाचे आणि हिशेबाचे जे काही पैसे हातात आले ते आले, पण दर महिन्याची पेन्शन नाही. तेव्हा तिशी-पस्तिशीत असलेला तो कामगार आज पंच्याहत्तरी-ऐंशीत आहे. आणि ज्यांना ती पेन्शन लागू झाली, त्यांच्यासाठी किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपये. राज्याची श्रावणबाळ योजना आहे, पासष्टीच्या पुढच्या निराधारांसाठी, ती २०२३ मध्ये १,००० ची १,५०० झाली. लालबागला महिन्याच्या औषधांचं बिल किती होतं ते तुम्हीच सांगा.

आता फायद्यांकडे येतो. मी तोट्यांचाच पाढा वाचणार असं तुम्हाला वाटायला नको, कारण फायदे खरे आहेत आणि त्यांची मोजदाद होत नाही.

सगळ्यांत मोठा, नातवंडं. आमच्या पट्ट्यात सकाळी साडेसातला कुठल्याही शाळेच्या फाटकावर उभे राहा. पोराचं दप्तर कुणाच्या खांद्यावर असतं? आई नऊ-पाचची लोकल पकडायच्या घाईत, बाप पाळीवर. काही घरांत तर मूल सोमवार ते शुक्रवार दादरला आजीकडे आणि शनिवार-रविवार आई-बापाकडे बदलापूरला, अशी वाटणी असते. हे काम बाजारातून विकत घ्यायचं तर पाळणाघर, रिक्षा, शिकवणी, डबा, सगळ्याचे पैसे होतात. आजी करते म्हणून राष्ट्रीय उत्पन्नात शून्य धरलं जातं. आणि अर्थशास्त्रात आजीला नाव काय? 'अवलंबित'. (हशा) हसू नका, खरंच तसं मोजतात. पंधरा ते एकोणसाठ वयाच्या शंभर माणसांमागे साठीपुढचे किती, याला वृद्ध अवलंबित्व गुणोत्तर म्हणतात. २०११ मध्ये देशात ते १४ च्या आसपास होतं. या मोजमापात सत्तरीतली, तीन नातवंडं वाढवणारी आजी ओझं ठरते आणि पंचविशीतला, कट्ट्यावर बसलेला तिचा नातू आधार ठरतो. गुणोत्तर टाकून द्या असं मी म्हणत नाही, देशाच्या पेन्शनचा हिशेब करायला ते लागतं. पण घरातला हिशेब त्यातून कळत नाही.

दुसरा फायदा पैशाचा. ज्याला पेन्शन आहे, बँकेतून किंवा बेस्टमधून किंवा महापालिकेतून रिटायर झालाय, त्याची ठेव असते. ज्येष्ठ नागरिक बचत योजना २००४ ची, २०२३ पासून तीस लाखांपर्यंत ठेवता येतात. हा पैसा सरकारला कर्जाऊ मिळतो. रोनाल्ड ली आणि अँड्र्यू मेसन हे दोन अर्थतज्ज्ञ याला 'दुसरा लाभांश' म्हणतात. पहिला लाभांश कमावते हात जास्त असल्याचा. दुसरा असा, की आपल्याला पुष्कळ जगायचंय हे लोकांना कळलं की ते साठवतात, आणि साठवलेलं भांडवल पुढच्या पिढीच्या कामाला येतं. फार चांगली कल्पना आहे, फक्त एक अट, साठवण्याएवढी मिळकत हवी. दादरच्या बँक कर्मचाऱ्याला हा लाभांश मिळाला. लालबागच्या जॉबरला नाही, आणि त्याला जेवू घालणाऱ्या खानावळवालीला तर मुळीच नाही. प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या बायकांना सावकारापासून सोडवण्यासाठी. पण ज्या तशाच राहिल्या, त्यांनी चाळीस वर्षं रांधलं आणि कुठल्याच रजिस्टरात कामगार म्हणून नाव नाही. बाई पुरुषापेक्षा जास्त जगते, नवऱ्यापेक्षा लहान असते, म्हणून शेवटची आठ-दहा वर्षं बहुतेक वेळा तिची एकटीची असतात. म्हातारपण या विषयात सरासरी माणूस धरायचाच असेल, तर ती विधवा बाई धरा.

तिसरा फायदा म्हणजे आपल्या संस्था. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून चाललंय, गिरगावचा साहित्य संघ आहे, वाचनालयं, व्यायामशाळा, पतपेढ्या, गणेशोत्सव मंडळाच्या पावत्यांचा हिशेब. आज हे कोण चालवतं? रिटायर माणसं, बिनपगारी. आता हाच मुद्दा उलटा करा. अशा संस्थांच्या कार्यकारिणीत सर्वांत तरुण सभासद बासष्ट वर्षांचा असतो आणि त्याला 'आमचा युवा कार्यकर्ता' म्हणतात. तो फायदा की तोटा? मला विचाराल तर आजचा फायदा आणि दहा वर्षांनंतरचा तोटा.

आणि एक फायदा फक्त परळकरांचा. केईएम १९२६ चं, टाटा १९४१ चं, वाडिया प्रसूतिगृह तर गिरणी कामगारांच्या बायकांसाठी म्हणूनच उभं राहिलं. देशभरातून लोक जिथे मुक्काम टाकून राहतात, ती हॉस्पिटलं तुमच्या चालण्याच्या अंतरावर आहेत. म्हणूनही म्हातारा गावाला जात नाही. पण तिथली रचना एका आजाराच्या तरुण पेशंटला धरून आहे. म्हाताऱ्याला एकाच वेळी साखर, रक्तदाब, गुडघा आणि मोतीबिंदू. चार विभाग, चार वार, चार केसपेपर, आणि प्रत्येक वेळी सोबत यायला कुणाची तरी रजा. त्यात चालण्याचं अंतरही वाढतं. परळ-प्रभादेवी जोडणारा जुना पूल २०२५ च्या सप्टेंबरात पाडायला बंद केला, तेव्हा प्रभादेवीच्या माणसाला केईएम एकदम लांब गेलं.

आता जिन्याकडे येऊ या. मला यावर जरा थांबायचंय, कारण माझ्या मते आपल्या पट्ट्यातल्या म्हातारपणाचा गाभा इथे आहे.

तिसऱ्या मजल्यावरची बहात्तर वर्षांची बाई रोज दोनदा उतरते. शहात्तराव्या वर्षी एकदा. मग आठवड्यातून एकदा, संकष्टीला देवळात. मग एकदा पडते. खुब्याचं हाड मोडतं, ऑपरेशन होतं, वर आणतात खुर्चीवर बसवून चौघं जण. त्यानंतर ती खाली येते ती फक्त हॉस्पिटलला जाण्यासाठी. तिचा आजार बरा झालाय, पण जिना बरा होत नाही. अशी दोन-दोन, तीन-तीन वर्षं खाली न आलेली माणसं प्रत्येक वाडीत आहेत. त्यांना लांबचं काही नकोच असतं, नोव्हेंबरातला पेन्शनचा हयातीचा दाखला हेच संकट. २०१४ पासून तो घरबसल्या डिजिटल करता येतो, उत्तम सोय आहे, पण आयुष्यभर भांडी घासलेल्या किंवा साच्यावर काम केलेल्या बोटांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत. आता चेहऱ्यावरून ओळख पटवतात. शेजारच्या पोराने मोबाइल धरला की झालं. गिरगावात जमिनीखाली मेट्रो आली, २०२५ च्या ऑक्टोबरपासून. पाताळात उतरायला लिफ्ट आहे, सरकता जिना आहे. तिथपर्यंत पोचायला मात्र आपल्याच घराच्या बावन्न लाकडी पायऱ्या.

पण मी मघाशी म्हटलं ना, 'शेजारच्या पोराने'. ही चाळीची दुसरी बाजू. गॅलरी हे एक फुकटचं, न मागता मिळालेलं देखरेख केंद्र आहे. सकाळी दहापर्यंत दार उघडलं नाही की कुणीतरी कडी वाजवतं. दूध बाहेर राहिलं की प्रश्न विचारला जातो. यात कटकटही आहे, कुणाकडे कोण आलं याचीही नोंद होते, पण पडलेली बाई तासाभरात सापडते.

म्हणून पुनर्विकास हा म्हाताऱ्यांच्या दृष्टीने फार चमत्कारिक सौदा आहे. बीडीडी चाळी घ्या. १९२० च्या दशकातल्या, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी. १६० चौरस फुटांची खोली, एका मजल्यावर वीस खोल्या. त्याबदल्यात ५०० चौरस फुटांचं घर, आत संडास, लिफ्ट. वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या. संडास घरात आला ही गुडघे गेलेल्या माणसासाठी केवढी मोठी गोष्ट आहे, ते ज्याने रात्री दोनला गॅलरीच्या टोकापर्यंत भिंत धरत वाट काढली असेल त्यालाच कळेल. यावर नाक मुरडणारे, 'चाळ संस्कृती संपली हो' म्हणणारे लोक बहुधा स्वतः ब्लॉकमध्ये राहतात. पण हेही खरं, की टॉवरमधलं दार बंद असतं आणि दहा वाजता कडी वाजवणारं कुणी नसतं. लिफ्ट मिळाली, गॅलरी गेली. जमाखर्च मांडताना दोन्ही लिहायला हवं.

यापेक्षा अवघड गोष्ट काळाची आहे. बिल्डर म्हणतो, चार वर्षं. आपण अनुभवाने सात धरू. चाळीस वर्षांच्या भाडेकरूला सात वर्षं म्हणजे गैरसोय. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला सात वर्षं म्हणजे बहुधा उरलेलं सगळं आयुष्य. तो भाडं घेऊन विरारला जातो. तिथे ओळखीचा डॉक्टर नाही, देऊळ वेगळं, कट्टा नाही, बोलायला कुणी नाही. अर्ध्याहून जास्त भाडेकरूंची संमती झाली की योजना पुढे जाते, आणि सभेत दोघांचंही मत एकच मोजलं जातं. फायदा वारसाला, वनवास म्हाताऱ्याला. मी पुनर्विकासाच्या विरोधात नाही, त्या तुळया कधीही कोसळू शकतात. पण संक्रमणाचं घर सत्तरीपुढच्यांना त्याच वॉर्डात, पायी अंतरावर द्यायचं, एवढी एक अट करारात घालता येते, आणि सोसायट्या ती मागतच नाहीत. चौरस फुटांवर भांडण सहा महिने चालतं, या मुद्द्यावर सहा मिनिटंसुद्धा नाही.

आणि तोपर्यंत? ती खोली पागडीच्या बाजारात लाखो रुपयांची असते, आणि तिच्यात बसलेल्या बाईकडे गोळ्यांना पैसे नसतात. परदेशात अशा वेळी घर बँकेकडे उलटं गहाण ठेवतात, बँक दरमहा पैसे देते. आपल्याकडे २००७ पासून रिव्हर्स मॉर्गेज आहे. पण त्याला घर मालकीचं लागतं. भाडेकरूला ते दार बंद.

काळजी घेणाऱ्यांबद्दल थोडं. मुलगा ठाण्यात, मुलगी पुण्यात किंवा अमेरिकेत, मग ब्यूरोतून बाई आणायची. चोवीस तासांच्या बाईचा पगार बहुतेकांच्या पेन्शनपेक्षा जास्त होतो. ती बाई स्वतः पन्नाशीची, तिची सासू गावी आजारी. तिला कोण बघतंय, हा प्रश्न आपण विचारत नाही.

हे पुढे कुठवर जातं ते बघायला परदेशी जायला नको. दादरच्या पूर्वेला, फाइव्ह गार्डन्सपाशी पारशी कॉलनी आहे. देशात १९४१ मध्ये पारशी होते सुमारे १ लाख १५ हजार, २०११ मध्ये ५७,२६४. २००१ च्या जनगणनेत त्यांच्यातले ३१ टक्के साठीच्या पुढचे होते. म्हणजे देश २०५० ला जिथे पोचेल असं म्हणतात, त्याच्या कितीतरी पुढे ते पंचवीस वर्षांपूर्वीच होते. सरकारने २०१३ मध्ये 'जियो पारसी' योजना काढली, मुलं व्हावीत म्हणून. पण त्यांचं म्हातारपण लालबागच्या म्हातारपणासारखं नाही. का? ट्रस्टची घरं, ट्रस्टचे दवाखाने, औषधांना मदत, तळमजल्याच्या बागा. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी कमावत्या काळात बांधून ठेवलेलं ते सगळं आहे. प्रमाण तिप्पट असूनही हाल कमी. म्हणून 'वृद्धांचं प्रमाण वाढलं की अनर्थ' हे मला पटत नाही. प्रमाण वाढायच्या आधी काय बांधलं, यावर पुष्कळ ठरतं. आणि आपल्याला वेळ थोडा आहे. पासष्टीपुढचे ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जायला फ्रान्सला शंभराहून अधिक वर्षं लागली, जपानला २४.

एवढं बोलून मी थांबतो. प्रश्न घेऊ.

*प्रश्नोत्तरे*

*(श्रोत्यांतून, एक तरुणी) सर, शेवटी बोजा आमच्या पिढीवरच ना? एकुलती एक मुलगी, आई-वडील आणि उद्या सासू-सासरे.*

हो, तुमच्यावर येणार आहे, गोड बोलून काय उपयोग? म्हणूनच ते घराघरांत न वाटता सगळ्यांत वाटावं लागतं. जपानने २००० साली शुश्रूषेचा सक्तीचा विमा सुरू केला. चाळिशीपासून प्रत्येक जण हप्ता भरतो, आणि गरज लागली की घरी मदतनीस येते. आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांचं संरक्षण आहे, चांगलं पाऊल आहे. पण ते हॉस्पिटलात भरती झाल्यावर. घरी आंघोळ घालायला कोण, ते त्यात बसत नाही, आणि तुमची नोकरी सुटते ती त्या आंघोळीपायी.

*(श्रोत्यांतून) मुलं बघत नाहीत त्यांच्यासाठी कायदा आहे ना?*

आहे, २००७ चा. न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करायचा, वकील लागत नाही, महिना १०,००० पर्यंत निर्वाह मिळू शकतो. त्यातलं २३ वं कलम जास्त कामाचं. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे केलं आणि त्याने सांभाळलं नाही, तर ते हस्तांतर रद्द करता येतं. पण ती अट बक्षीसपत्रात लिहून घ्या. 'मुलगाच आहे, लिहायचं काय' म्हणून लोक सोडून देतात.

*(श्रोत्यांतून, एक ज्येष्ठ गृहस्थ) आम्ही आता गावाला जाऊन राहावं का? संगमेश्वरकडे घर आहे आमचं.*

काका, तुमच्या प्रश्नात गिरणगावाचा सगळा इतिहास आला. २००१ ते २०११ मध्ये महाराष्ट्रात तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. म्हणजे चाकरमान्याची दोन्ही घरं एकदमच रिकामी झाली. पूर्वीचा म्हातारा गावी जायचा तेव्हा तिथे सून होती, पुतणे होते. आज वाडीत दहा घरांपैकी किती उघडी आहेत ते आधी मोजून या, गणपतीत नको, पावसाळा संपल्यावर एखाद्या मंगळवारी. रात्री छातीत दुखलं तर गाडी कुणाची आणि हॉस्पिटल किती लांब, तेही बघा. आणि एक कायद्याची गोष्ट. खोली भाड्याची असेल तर सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने बंद ठेवू नका, १९९९ च्या कायद्यात ते खोली खाली करून घ्यायचं कारण होऊ शकतं. तेव्हा गेलात तरी मे महिन्याला आणि दिवाळीला येऊन राहा, आणि भाड्याची पावती दर महिन्याला फाडा.